मोटो जी : साडेबारा हजारांचा हिशेब

मंडळी, आज अगदी अलीकडचा इतिहास. फेब्रुवारी २०१४मध्ये मोटोरोलाचा मोटो जी भारतात आला, तोही फक्त फ्लिपकार्टवर. किंमत १२,४९९ रुपये. कंपनी तेव्हा गूगलची होती आणि ती लेनोवोला विकायचा करार जानेवारीतच जाहीर झालेला. विकायला काढलेल्या घरातली पंगतच म्हणा ना!

पण पंगत चांगली होती. साडेचार इंची पडदा लखलखीत, अक्षर सुबक. आमच्या वयाला हेच आधी दिसतं. नको त्या ॲप्सचं ओझं नाही, अँड्रॉइडच्या नव्या आवृत्त्याही मिळत. दोन सिमांची सोय होती. कॅमेरा ५ मेगापिक्सेलचा, बेताचाच.

खरी गोम वेगळीच. मेमरी कार्ड घालायला जागा नाही. ८ जीबीतला बराच भाग अँड्रॉइडच खाई. ज्यांच्या घरी संगणक नाही, त्यांनी नातवंडांचे फोटो ठेवायचे कुठे, आणि पुसायचे तर कुठले? १६ जीबीचा १३,९९९ला मिळत होता. पेन्शनीतले दीड हजार म्हणजे थोडे नव्हेत, तरी मी तोच घ्या म्हणे.

असो. मे २०१४मध्ये ६,९९९ रुपयांचा मोटो ई आला, त्यात कार्डाची सोय होती. सप्टेंबरच्या दुसऱ्या मोटो जीमध्येही ती आली.