व्यक्तिमत्त्व ओळखण्याचे खेळ आणि कृत्रिम बुद्धिमत्ता

व्यक्तिमत्त्व ओळखण्याचे खेळ म्हणजे सहल, वाढदिवस, स्नेहमेळावा अशा प्रसंगी मित्रमंडळींनी एकमेकांच्या स्वभावाविषयी व आवडीनिवडींविषयी अंदाज बांधण्याचे बैठे खेळ होत. नोव्हेंबर २०२२मध्ये चॅटजीपीटी सर्वांसाठी खुले झाल्यानंतर अशा खेळांत अंदाज बांधण्याचे काम कृत्रिम बुद्धिमत्तेकडे सोपवणे सहज शक्य झाले. हे खेळ मनोरंजनासाठी असले, तरी त्यांच्याशी व्यक्तिमत्त्वमापनाची विश्वासार्हता आणि मित्रांच्या माहितीची गोपनीयता हे दोन गंभीर प्रश्न निगडित आहेत.

पूर्वपीठिका

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये 'कबुलीवही' लोकप्रिय होती. आवडता गुण, आवडता नायक, सुखाची कल्पना अशा ठरावीक प्रश्नांची उत्तरे स्नेहीजन तीत लिहीत. कार्ल मार्क्स यांनी १८६५मध्ये अशा प्रश्नांची उत्तरे दिली होती. फ्रेंच कादंबरीकार मार्सेल प्रूस्त यांनी किशोरवयात एका मैत्रिणीच्या वहीत लिहिलेल्या उत्तरांमुळे ही प्रश्नावली पुढे त्यांच्याच नावाने ओळखली जाऊ लागली. महाराष्ट्रातील शाळा-महाविद्यालयांत निरोपसमारंभाच्या सुमारास फिरणारे 'स्लॅमबुक' हे याच प्रकाराचे परिचित रूप होय.

कृत्रिम बुद्धिमत्तेचाही बैठ्या खेळाशी जुना संबंध आहे. ॲलन ट्युरिंग यांनी १९५०मध्ये 'माइंड' या नियतकालिकातील लेखात 'अनुकरणाचा खेळ' मांडला. या खेळात एक पुरुष व एक स्त्री प्रश्नकर्त्यापासून वेगळ्या खोलीत बसतात आणि टंकलिखित उत्तरांवरून कोण पुरुष व कोण स्त्री हे त्याने ओळखायचे असते. उत्तर देणाऱ्यांपैकी एकाची जागा यंत्राने घेतली तर काय होईल, असा प्रश्न ट्युरिंग यांनी उपस्थित केला. प्रस्तुत खेळांत भूमिका उलट होतात. माणसे उत्तरे देतात आणि यंत्र ओळखते.

खेळाचे स्वरूप

एका प्रकारात प्रत्येक खेळाडू समान प्रश्नांची उत्तरे नाव न घालता लिहितो. यंत्र प्रत्येक उत्तरपत्रिकेवरून स्वभाववर्णन तयार करते आणि ते वर्णन कोणाचे, हे इतरांनी ओळखायचे असते. दुसऱ्या प्रकारात यंत्राला मंडळींची थोडक्यात ओळख करून दिली जाते व कोणते उत्तर कोणाचे, हे यंत्र सांगते. तिसऱ्या प्रकारात 'अमुक प्रसंगी हा मित्र काय करील?' या प्रश्नावर यंत्राचा आणि मित्रांचा अंदाज ताडून पाहिला जातो.

दुसऱ्या प्रकारातील यश मोजताना योगायोगाचा विचार आवश्यक ठरतो. सहा उत्तरे सहा जणांशी केवळ चिठ्ठ्या टाकून जोडली, तरी सरासरीने एक जोडी बरोबर येते. खेळाडूंची संख्या कितीही असली तरी ही सरासरी एकच राहते. सहा जणांच्या गटात किमान एक जोडी योगायोगाने जुळण्याची शक्यता सुमारे ६३ टक्के असते. म्हणून यंत्राने एखाद्याला अचूक ओळखले, एवढ्यावरून त्याचे कौशल्य सिद्ध होत नाही.

कार्यपद्धती

भाषिक प्रारूपे प्रचंड मजकुरावर प्रशिक्षित केलेली असतात. कोणत्या शब्दांच्या सोबतीने कोणते शब्द येतात, याचे आकृतिबंध ती आत्मसात करतात. 'एकांतात वाचन आवडते' या उत्तरावरून ती 'अंतर्मुख' असा निष्कर्ष काढतात, तो त्या व्यक्तीला ओळखून नव्हे, तर लेखनात या दोन गोष्टी वारंवार एकत्र आढळतात म्हणून. प्रशिक्षणाच्या मजकुरात इंग्रजीचा वाटा फार मोठा असल्याने मराठीतील उपरोध किंवा प्रेमाने केलेली थट्टा यांचा शब्दशः अर्थ लावला जाण्याचा संभव असतो.

मानसशास्त्रात व्यक्तिमत्त्वाचे वर्णन बहुधा पाच घटकांच्या आधारे केले जाते: नवअनुभवांविषयी मोकळेपणा, कर्तव्यदक्षता, बहिर्मुखता, मनमिळाऊपणा आणि भावनिक अस्थिरता.

अचूकतेविषयीचे संशोधन

वू यूयू, मिखाल कोसिन्स्की व डेव्हिड स्टिलवेल यांचा या विषयावरील अभ्यास २०१५मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात ८६,२२० स्वयंसेवकांनी १०० प्रश्नांची प्रश्नावली भरली होती. फेसबुकवरील त्यांच्या पसंतींवरून, म्हणजे 'लाइक्स'वरून, संगणकाने बांधलेले अंदाज परिचितांच्या अंदाजांशी ताडण्यात आले. सहकाऱ्यापेक्षा सरस ठरण्यास संगणकाला १०, मित्र वा खोलीतील सोबत्यापेक्षा सरस ठरण्यास ७०, कुटुंबीयापेक्षा १५० आणि जोडीदारापेक्षा ३०० पसंती पुरेशा ठरल्या.

या निष्कर्षाला मर्यादा आहेत. परिचितांनी केवळ १० प्रश्नांच्या संक्षिप्त प्रश्नावलीवर मत दिले होते आणि अचूकतेचा प्रमुख निकष त्या व्यक्तीचे स्वतःविषयीचे उत्तर हा होता. शिवाय बैठकीतील खेळात यंत्रापुढे शेकडो नोंदी नसून चार-दोन वाक्येच असतात. त्यामुळे या अभ्यासाचा दाखला खेळातील अंदाजाला थेट लागू पडत नाही.

सिमिन वझीर यांनी २०१०मध्ये मांडलेल्या संशोधनानुसार चिंता, अस्वस्थता यांसारख्या आंतरिक गुणांची जाण व्यक्तीला स्वतःला अधिक असते. बुद्धिमत्तेसारख्या ज्या गुणांत प्रतिष्ठेचा प्रश्न येतो, त्यांबाबत मात्र मित्रांचे मत अधिक विश्वसनीय ठरते.

बार्नम परिणाम

यंत्राने केलेले वर्णन 'अगदी बरोबर' वाटण्यामागे पुष्कळदा बार्नम परिणाम असतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बर्ट्रम फोरर यांनी १९४८मध्ये ३९ विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाला 'स्वतंत्र' स्वभाववर्णन दिले. विद्यार्थ्यांनी त्याच्या अचूकतेला ५पैकी सरासरी ४.२६ गुण दिले. प्रत्यक्षात सर्वांना एकच वर्णन दिले होते व त्यातील विधाने प्रामुख्याने ज्योतिषाच्या पुस्तकातून घेतली होती. 'आपण मिळूनमिसळून वागता, तरी काही गोष्टी मनातच ठेवता' यासारखे विधान जवळजवळ कोणालाही लागू पडते. भाषिक प्रारूपांचा कल वापरकर्त्याला रुचेल असे बोलण्याकडे असल्याने हा परिणाम अधिकच तीव्र होऊ शकतो.

वर्णन खरोखर नेमके आहे का, हे तपासण्याची सोपी रीत आहे. सर्व वर्णने नावे काढून एकत्र ठेवावीत व प्रत्येकाने त्यांतून स्वतःचे ओळखावे. अनेकांना अनेक वर्णने आपलीच वाटली, तर ती संदिग्ध समजावीत.

सामाजिक परिणाम

मित्राने 'तू आळशी आहेस' असे म्हटले, तर ती थट्टा ठरते व तिला उत्तरही देता येते. तेच यंत्राने सांगितले, तर त्याला निःपक्षपाती निवाड्याचे वजन प्राप्त होते. जोसेफ वायझेनबॉम यांनी १९६६मध्ये जाहीर केलेल्या 'एलायझा' या साध्या संभाषण-आज्ञावलीशी बोलतानाही लोक तिला समजूतदार श्रोता मानू लागले, हे पाहून ते स्वतः अस्वस्थ झाले होते. शालेय वयात गटाने चिकटवलेले विशेषण दीर्घकाळ टिकते. म्हणून मुलांच्या खेळात नकारात्मक गुणांचे प्रश्न टाळणे श्रेयस्कर असते.

गोपनीयता

या खेळात मित्राविषयीची माहिती मित्राऐवजी दुसराच कोणी यंत्राला पुरवत असतो. अशा माहितीचा गैरवापर कोणत्या थराला जाऊ शकतो, हे २०१८मध्ये उघडकीस आलेल्या केंब्रिज ॲनालिटिका प्रकरणात दिसले. एक व्यक्तिमत्त्वचाचणी सुमारे २ लाख ७० हजार जणांनी घेतली; परंतु त्यांच्या मित्रयादीतून ८ कोटी ७० लाखांपर्यंत लोकांची माहिती गोळा झाली असावी, असे फेसबुकने मान्य केले. भारतात ते उपयोजन केवळ ३३५ जणांनी वापरले होते, तर संभाव्य बाधितांची संख्या ५ लाख ६२ हजारांहून अधिक होती.

भारताच्या २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात संमतीला मध्यवर्ती स्थान आहे. व्यक्तीने निव्वळ खाजगी वा घरगुती कारणासाठी केलेला माहितीचा वापर या कायद्याच्या कक्षेबाहेर राहतो. त्यामुळे मित्रांच्या बैठकीत कायद्याहून परस्परांतील विश्वासावरच अधिक भिस्त असते. खेळापूर्वी प्रत्येकाची संमती घेणे, खऱ्या नावाऐवजी टोपणनाव वापरणे, आरोग्य, जात, धर्म व आर्थिक स्थिती यांचा उल्लेख टाळणे आणि खेळ संपल्यावर संभाषण पुसून टाकणे, ही पथ्ये त्यासाठी उपयुक्त ठरतात.