कोटणीस : त्यागापलीकडे

सप्टेंबर १९३८मध्ये भारतीय वैद्यकीय पथकातील पाच डॉक्टर युद्धग्रस्त चीनला निघाले. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस त्यांपैकी एक. चौघे सहकारी यथावकाश परतले, कोटणीस राहिले. चिनी भाषा आत्मसात करून ते त्याच भाषेत शस्त्रक्रिया शिकवू लागले. १९४१मध्ये गुओ छिंगलान या परिचारिकेशी त्यांचा विवाह झाला. १९४२मध्ये जन्मलेल्या मुलाचे नाव यिनहुआ. ‘यिन’ म्हणजे भारत, ‘हुआ’ म्हणजे चीन. त्याच वर्षी ९ डिसेंबरला, वयाच्या ३२व्या वर्षी कोटणीस निवर्तले.

आपण त्यांना त्यागमूर्ती म्हणतो. आम्हांला हे अपुरे वाटते. त्यागाच्या गौरवात केवळ देणारा दिसतो. त्याला लाभलेली भाषा, स्नेह आणि घर दिसत नाही. परक्यांच्या मदतीला गेलेला हा माणूस तेथे परका उरला नव्हता.