पॉवर स्टीअरिंगचा पंप गळतोय? रॅक बदलण्याआधी हे वाचा

गाडी उभी केली त्या जागी तेलाचा डाग, वळताना बॉनेटमधून कुईऽऽ असा आवाज आणि पार्किंग करताना हाताला जड लागणारं स्टीअरिंग. ही तीन लक्षणं एकत्र दिसली की पॉवर स्टीअरिंगचं तेल गळतंय असं समजायला हरकत नाही. पण ते नेमकं कुठून गळतंय, हा खरा प्रश्न आहे. पाईपची क्लिप सैल असेल तर काम दहा मिनिटांचं. पंप असेल तर अर्ध्या दिवसाचं. आणि रॅक असेल तर खिसा बराच रिकामा होतो. गंमत म्हणजे खालून बघितलं तर तिन्ही प्रकारांत डाग सारखाच दिसतो.

या लेखात उदाहरण म्हणून मी स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस घेतोय. २००४ साली भारतात आलेली ही गाडी, १.८ लिटर टर्बो पेट्रोल इंजिन, १५० हॉर्सपॉवर. तेव्हा आपल्याकडे टर्बो पेट्रोल म्हणजे दुर्मीळ गोष्ट होती. पहिल्या पिढीच्या ऑक्टाव्हियाची जुळणी आपल्याच महाराष्ट्रात, तेव्हाच्या औरंगाबादजवळ शेंद्रा एमआयडीसीतल्या कारखान्यात व्हायची. अशीच एक एमएच-१३ पासिंगची आरएस माझ्या मामांकडे आहे. तिच्याखाली डाग दिसला तेव्हा एका गॅरेजवाल्याने नुसतं वाकून बघून "रॅक गेलाय" असं सांगितलं आणि असा आकडा बोलला की मामा गाडी विकायला निघाले. मी सॉफ्टवेअरवाला. एरर दिसली म्हणून कोणी सगळा सर्व्हर बदलत नाही, आधी लॉग बघतो. म्हणून म्हटलं, "मामा, दोन दिवस थांबा. आधी गळती शोधू."

हा पंप करतो काय?

स्टीअरिंग फिरवलं की एक दांडा रॅकला डावी-उजवीकडे सरकवतो आणि चाकं वळतात. ही जोडणी लोखंडाची, थेट. म्हणजे पंप बंद पडला तरी गाडी वळते, फक्त जोर तुमच्या हाताला लावावा लागतो. पॉवर स्टीअरिंगमध्ये या कामाला तेलाच्या दाबाची मदत मिळते. अमेरिकन इंजिनीअर फ्रान्सिस डेव्हिस यांनी १९२० च्या दशकात अशी यंत्रणा बनवली होती, पण विक्रीच्या गाडीत ती आली १९५१ मध्ये, क्रायस्लर इम्पिरियलमध्ये.

ऑक्टाव्हियातला पंप 'व्हेन' प्रकारचा. आत एक गोल रोटर असतो, त्याच्या खाचांमध्ये छोट्या पट्ट्या बसवलेल्या असतात. रोटर फिरला की पट्ट्या बाहेर फेकल्या जातात आणि लंबगोल कड्याला घासत तेल पुढे ढकलतात. रोटर फिरवायला इंजिनाचा बेल्ट. उभी गाडी वळवताना दाब १०० बारच्या आसपास जाऊ शकतो. तुमच्या कारच्या टायरमध्ये ३३ पीएसआय हवा असते, म्हणजे सव्वादोन बारच्या जवळपास. आता कल्पना करा, त्याच्या चाळीसपट दाब एका रबरी पाईपमध्ये आणि दोन पातळ वायसरवर.

पंपाचा दांडा जिथे पुलीच्या बाजूने बाहेर येतो, तिथे एक ऑइल सील असतं. वीस वर्षं इंजिनाच्या उष्णतेत राहिलं की ते रबर कडक होतं. वर आपलं सोलापूर, उन्हाळ्यात पारा ४० च्या वर आणि बॉनेटखाली तर विचारूच नका. सील कडक झालं की दांड्याला नीट चिकटत नाही आणि तेल बाहेर येतं.

गळती शोधायची कशी

या भागावर मी सगळ्यात जास्त वेळ देणार आहे, कारण पैसे इथेच वाचतात.

पहिलं काम धुलाई. पंप, पाईपचे जोड, रॅक, सगळ्यावर डिग्रीझर मारून चिंधीने कोरडं पुसून घ्या. ओल्या, मळलेल्या इंजिनावर गळती शोधणं म्हणजे गड्ड्याच्या गर्दीत चप्पल शोधणं. मग संशयाच्या जागांवर साधी टाल्कम पावडर शिंपडा, गाडीखाली पांढरा पुठ्ठा ठेवा, इंजिन चालू करून कोणाला तरी हळूहळू स्टीअरिंग फिरवायला सांगा. तेल जिथून येतं तिथे पावडरवर ओली रेघ उमटते. नेहमी सगळ्यात वरची ओली जागा बघायची. तेल खाली वाहतं, त्यामुळे खालचा भाग बिचारा विनाकारण बदनाम होतो. या गाडीत पंपाच्या खालीच एसीचा कॉम्प्रेसर आहे, तोही तेलाने माखतो आणि त्याच्यावरही आळ येतो.

इथे मोबाईल फार कामाचा. जिथे डोकं जात नाही तिथे हात घालून फ्लॅश लावून व्हिडिओ काढा, पण इंजिन बंद असताना. फिरत्या बेल्टजवळ हात, ओढणी, चार्जिंगची वायर काहीही नेऊ नका. तेलाच्या डबीचं झाकण उघडून स्लो-मोशन व्हिडिओ घ्या. तेलात फेस दिसला तर कुठूनतरी हवा आत ओढली जातेय. ही हवा बहुतेक वेळा डबीकडून पंपाकडे येणाऱ्या कमी दाबाच्या पाईपमधून शिरते, आणि तिथे दोष निव्वळ क्लिपचा असू शकतो. स्वस्तातली ओबीडी डोंगल लावून अ‍ॅपमध्ये एरर शोधणाऱ्यांनी मात्र आशा सोडावी. सील गळतंय हे ओळखणारा सेन्सर नसतो.

रॅकची परीक्षा वेगळी. रॅकच्या दोन्ही टोकांना घड्या असलेले रबरी बूट असतात. रॅकचं आतलं सील गेलं असेल तर तेल या बुटांत साठतं. बुटाची क्लिप सैल करून आत बोट फिरवा. आत कोरडं असेल तर रॅकवर दोष टाकण्याआधी दहा वेळा विचार करा. मामांच्या गाडीत दोन्ही बूट आतून कोरडे ठणठणीत होते. उलट पुलीच्या मागे, पंपाच्या तोंडाशी पावडर भिजलेली, आणि पुली फिरते त्याच रेषेत आजूबाजूला तेलाचे शिंतोडे. पुलीच्या मागून असे शिंतोडे उडाले असतील तर ते दांड्याचं सील. पाईपचा बोल्ट ओला असेल तर आधी त्याचे वायसर बदलून बघा.

डाग फक्त दोन-चार थेंबांचा आहे म्हणून गाडी तशीच चालवायची का? तेलाची पातळी रोज बघत असाल तर काही दिवस निभावेल. पण तेल संपलं आणि पंप कोरडा फिरला तर पट्ट्या आणि कडं एकमेकांना खातात, धातूची बारीक पूड तेलाबरोबर रॅकमध्ये जाते, आणि गॅरेजवाल्याचं खोटं निदान खरं होऊन बसतं. शिवाय तेल बेल्टवर पडतं. तोच बेल्ट अल्टरनेटर फिरवतो. तो घसरला किंवा निसटला तर मोहोळच्या पुढे कुठेतरी, रात्री, चार्जिंग नाही आणि स्टीअरिंग अचानक जड. पुणे हायवेवर ट्रकच्या बाजूला ही वेळ नको.

हिरवं की लाल?

डबीत कुठलं तेल घालायचं यावरून आपल्याकडे खूप गाड्या खराब होतात. बऱ्याच जपानी गाड्यांत लाल रंगाचं एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचंच तेल चालतं. दुकानात ते सहज मिळतं, म्हणून सगळ्यांना तेच ओततात. फोक्सवॅगन गटाच्या त्या काळातल्या गाड्यांना मात्र हिरवं हायड्रॉलिक तेल लागतं, कंपनीचा क्रमांक जी ००२ ०००. सील आणि पाईपचं रबर या तेलाला धरून निवडलेलं असतं. चुकीचं तेल गेलं तर रबर फुगतं किंवा मऊ पडतं आणि नवा पंपही काही महिन्यांत गळू शकतो. रंगावर शंभर टक्के विसंबू नका, बाटलीवरचा क्रमांक आणि डबीच्या झाकणावरची सूचना वाचा. 'सगळ्या गाड्यांना चालतं' असं लिहिलेली बाटली मी तरी घेणार नाही.

पंप कुठला आणायचा

सील किट मिळतं, ते स्वस्तही असतं. पण आधी पुली हाताने वर-खाली हलवून बघा. दांड्यात खेळ असेल तर आतला बुश झिजलेला आहे. मग नवं सील त्यावर टिकणार नाही, पंपच बदला. मामांच्या पंपात खेळ होता, त्यामुळे प्रश्न मिटला.

पार्ट शोधताना गाडीच्या नावाने नाही, पार्ट नंबरने शोधा. तो पंपावर छापलेला असतो, फोटो काढून ठेवा. ऑक्टाव्हियाच्या पहिल्या पिढीत कित्येक पार्टचा नंबर १जे० ने सुरू होतो, आणि हा कोड मुळात फोक्सवॅगन गोल्फच्या चौथ्या पिढीचा. कारण प्लॅटफॉर्म एकच. पहिली ऑडी ए३ आणि ऑडी टीटीसुद्धा त्याच प्लॅटफॉर्मवर. आमच्या भाषेत सांगायचं तर एकच लायब्ररी चार अ‍ॅपमध्ये वापरलेली. त्यामुळे 'ऑक्टाव्हिया आरएस पंप' असं शोधून काही सापडलं नाही तरी नंबराने सापडू शकतं. शेवटची अक्षरंही जुळवा, कारण त्यात पुली आणि जोडाचा फरक असू शकतो. भंगारातून काढलेला पंप घेण्यात मला अर्थ वाटत नाही. त्याचंही सील तितकंच म्हातारं असणार.

बदलण्याचं काम

हे काम होटगी रोडवरच्या एका मिस्त्रींच्या शेडमध्ये झालं. मी पाना-टॉर्च देणारा. पहिल्यांदाच करत असाल तर तुम्हीही अनुभवी माणसाबरोबरच करा. पण काय व्हायला हवं ते माहीत असेल तर शेजारी उभं राहून नीट विचारता येतं.

इंजिन पूर्ण थंड. बॅटरीची मायनस वायर काढायची, कारण अल्टरनेटर शेजारीच आहे. बेल्ट कसा फिरलाय त्याचा फोटो आधी काढायचा आणि बेल्टवर खडूने फिरण्याची दिशा लिहायची. पुलीचे तीन अ‍ॅलन बोल्ट बेल्ट काढायच्या आधीच सैल करायचे. बेल्ट पुलीला धरून ठेवतो, तो निघाला की पुली बोल्टबरोबर गरागरा फिरते. मग ताणणारी पुली दाबून बेल्ट काढायचा, डबीतलं तेल मोठ्या सिरिंजने ओढून घ्यायचं, पाईप सोडायचे. कितीही काळजी घेतली तरी थोडं तेल सांडतंच, खाली ट्रे हवा. टर्बोचे हवेचे जाड पाईप याच भागातून जातात, त्यामुळे जागा अगदी चिंचोळी. मिस्त्री म्हणाले, "हात बारीक पायजे बगा, तुमचाच घाला."

जुना बेल्ट तेलाने भिजला असेल तर तोही बदला, पुसून परत लावू नका. दाबाच्या पाईपच्या बोल्टचे दोन्ही वायसर नवेच लावा. ते एकदाच दबण्यासाठी बनवलेले असतात. बोल्ट किती घट्ट करायचा तो आकडा गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्या आणि टॉर्क पाना वापरा, नाहीतर पंपाच्या ॲल्युमिनियमचे आटे जातात. तेलाच्या डबीत तळाशी बारीक जाळी असते, ती गाळाने भरली असेल तर डबीच बदललेली बरी. नवा पंप बसवण्याआधी त्यात हिरवं तेल ओतून दांडा हाताने फिरवून घ्या, म्हणजे पहिली काही सेकंदं तो कोरडा फिरणार नाही. ही पायरी घाईत हमखास सुटते.

हवा काढणं

पंप बसला, पाईप जोडले, तेल भरलं, आणि लगेच इंजिन चालू केलं तर तेलाचा मिल्कशेक होतो. पुढची चाकं जमिनीपासून उचला, गाडी स्टँडवर टेकवा, नुसत्या जॅकवर नाही. इंजिन बंद ठेवून स्टीअरिंग डाव्या टोकापासून उजव्या टोकापर्यंत हळूहळू दहा-पंधरा वेळा फिरवा. डबीत बुडबुडे येत राहतील, पातळी खाली जाईल, तेल घालत राहा. बुडबुडे थांबल्यावरच इंजिन चालू करा आणि पुन्हा हळूहळू फिरवा. अगदी टोकाला चार-पाच सेकंदांपेक्षा जास्त धरून ठेवू नका. तिथे पंपाचा पूर्ण दाब व्हॉल्व्हमधून आतल्या आत फिरतो आणि तेल पटकन तापतं. एरवी पार्किंग करतानाही ही सवय ठेवा.

थोडा फेस राहिला तर इंजिन बंद करून तासभर गाडी तशीच ठेवा, हवा आपोआप वर येते. तेलाची पातळी झाकणाच्या काडीवरच्या खुणांनुसार बघायची, काठोकाठ भरायची नाही.

तुमच्या गाडीत हे आहे का?

नव्या बहुतेक छोट्या गाड्यांत नाही. १९८८ मध्ये सुझुकीने सेर्व्हो या छोट्या गाडीत पहिल्यांदा इलेक्ट्रिक पॉवर स्टीअरिंग दिलं, आणि आता सगळीकडे तेच. मोटर असते, तेल नाही, पंप नाही, बेल्टवर भार नाही. ऑक्टाव्हियाची दुसरी पिढी आपल्याकडे लॉरा नावाने आली, तिच्यातही इलेक्ट्रिकच. तिथे बिघाड झाला तर डॅशबोर्डवर स्टीअरिंगचा दिवा लागतो आणि योग्य स्कॅनर खरंच उपयोगी पडतो. काही गाड्यांत मधला प्रकार आहे, तेल आहे पण पंप बेल्टऐवजी विजेच्या मोटरवर फिरतो. ओळखायची सोपी रीत म्हणजे बॉनेट उघडा आणि स्टीअरिंगचं चिन्ह असलेलं झाकण शोधा. सापडलं तर तेलाची यंत्रणा आहे, आणि महिन्यातून एकदा तिची पातळी बघायला हवी.

मामांच्या गाडीचा रॅक जुनाच आहे. पंप बदलल्यावर दुसऱ्या दिवशी आणि मग पुण्याला जाऊन आल्यावर पुठ्ठा पुन्हा खाली ठेवून बघितला, पावडरही मारून बघितली. तुम्हीही पहिले काही दिवस हे करा. जुनं तेल गटारात ओतू नका, गॅरेजमध्ये वापरलेल्या ऑइलचा ड्रम असतो, त्यात द्या.