सीझरियाचा बेसिल व वेशीबाहेरचें नवें नगर

इसवी सन ३६९ च्या सुमारास आशिया मायनरमधील कॅपाडोशिया प्रांतावर दुष्काळ कोसळला. हिवाळा बर्फावांचून कोरडा गेला, वसंतांत पाऊस झाला नाहीं, आणि प्रांताची राजधानी सीझरिया, म्हणजे तुर्कस्तानांतील आजचें कायसेरी, येथें उपासमार सुरू झाली. समुद्रकांठच्या शहरांचें पीक बुडालें तरी गलबतांतून धान्य येतें. सीझरिया समुद्रापासून दूर, उंच पठारावर वसलेलें. आपल्या देशावरील अवर्षणाच्या मुलखांत ज्यांनीं दिवस काढले आहेत त्यांस हा भेद समजावून सांगावयास नको. तरी पण नगरांत धान्य मुळींच नव्हतें असें नाहीं. तें धनिकांच्या कोठारांत, भाव आणखी चढण्याची वाट पाहत पडलें होतें.

त्या वेळीं बेसिल हा तेथें धर्मगुरु होता. वय चाळिशीच्या आसपास; घराणें जमीनदाराचें; शिक्षण अथेन्सचें. विद्या पुरी झाल्यावर ईजिप्त, पॅलेस्टाइन, सीरिया येथील तपस्व्यांच्या भेटी घेऊन तो परतला आणि पाँटस प्रांतांत आयरिस नदीच्या कांठीं प्रार्थना, उपवास व अंगमेहनत यांत रमला. त्या एकांताची गोडी त्याच्या मनांतून पुढें कधींहि गेली नाहीं.

परंतु मठवासी साधकांसाठीं त्यानें जे नियम सांगितले, त्यांत त्यानें एकट्यानें राहण्याच्या विरुद्धच कौल दिला. त्याची कारणमीमांसा मोठी मार्मिक आहे. अरण्यांत एकटा राहणाऱ्यास राग आणणारा कोणी भेटत नाहीं. म्हणून आपण राग जिंकला अशी त्याची समजूत होते. त्याचे दोष दाखविणारा कोणी नाहीं, आणि नम्रता शिकावी तर ज्याच्यापुढें वांकावें असा मनुष्यच जवळ नाहीं. ख्रिस्तानें शिष्यांचे पाय धुतले. एकांतवासी कोणाचे धुणार? दुसऱ्याची सेवा ही प्रार्थना आटोपल्यावर उरल्या वेळांत करावयाची गोष्ट आहे, हें बेसिलला मान्यच नव्हतें. ती त्याच्या मतें साधनेचा गाभा होती.

दुष्काळानें या मताची कसोटी पाहिली. वाडवडिलांपासून आलेली मालमत्ता विकून त्यानें अन्नदान मांडलें. भुकेल्या बायकापुरुषांस एकत्र बोलावून तो कडधान्याच्या कढणाचीं भांडीं त्यांच्यापुढें ठेवी आणि कमरेला पंचा गुंडाळून नोकरांबरोबर स्वतः वाढी. त्या काळच्या प्रवचनांत साठेबाजांवर त्यानें जो कोरडा ओढला आहे त्यास तोड नाहीं. पोटच्या पोरांपैकीं कोणतें विकावें या विचारांत पडलेला बाप त्यानें श्रोत्यांपुढें उभा केला, तेव्हां कोठारांचे मालक समोरच बसलेले होते.

३७० सालीं तो बिशप झाला आणि त्यानें नगराच्या वेशीबाहेर कायमची वसाहत उभारली. वाटसरूंना उतरण्याची सोय, आजाऱ्यांसाठीं जागा, वैद्य, शुश्रूषा करणारे, लागणाऱ्या कामांचे कारागीर, ओझ्याचीं जनावरें, असा तो पसारा होता. पुढें लोक तिला त्याच्याच नांवानें ‘बेसिलियस’ म्हणूं लागले. त्याचा मित्र ग्रेगरी हा तिला नवें नगर म्हणतो. महारोग्यांना घरचे लोकहि दूर लोटीत. बेसिल त्यांना जवळ घेऊन त्यांचें चुंबन घेई. उंची वस्त्रांत वाढलेल्या मनुष्याला हें एका दिवसांत साधलें असेल असें वाटत नाहीं.

टीकाहि झाली. या बांधकामाबद्दल सुभेदाराचे कान भरण्यांत आले, तेव्हां बेसिलनें पत्र लिहून, यांत राज्याचें काय नुकसान, असें विचारलें. शिवाय या इमारतींनीं नगराला शोभा येईल व श्रेय सुभेदारास मिळेल, असेंहि सुचविलें. हा मनुष्य व्यवहारांत कच्चा नव्हता! परोपकारानें वजन वाढतें हें विरोधकांनींहि ओळखलें होतें. अथेन्सला त्याच काळांत शिकलेला सम्राट ज्यूलियन ख्रिस्ती धर्माचा कट्टर विरोधक. पण ३६२ च्या सुमारास, हे लोक आपल्याबरोबर आमच्याहि गरिबांना पोसतात, अशी खंत करून त्यानें जुन्या देवतांच्या पुजाऱ्यांना धर्मशाळा बांधण्याची आज्ञा केली होती.

३७९ च्या आरंभीं बेसिल वारला. त्याच्या अंत्ययात्रेला इतकी दाटी झाली कीं, कांहीं माणसें चेंगरून मेलीं. शोक करणाऱ्यांत यहुदी होते, परके होते आणि जुन्या देवतांचे उपासकहि होते.