घोड्यावरच्या सुइणी

मेरी ब्रेकिनरिज या अमेरिकन परिचारिकेची हकीकत मी वाचली, तेव्हा तिच्या धैर्याहूनही तिच्या चौकस, हिशेबी वृत्तीने मला अधिक धरून ठेवले. पोटची दोन्ही मुले गमावलेली ही बाई १९१९ साली युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या फ्रान्समध्ये गेली आणि परक्या खेड्यांतून घरोघर हिंडली. मुलांना दूध मिळावे म्हणून तिने मायदेशाहून पैसे मागवून शेळ्या घेतल्या. तेथेच तिच्या ध्यानात आले की, फ्रान्समधील सुईण परिचारिका नसते आणि अमेरिकेतील परिचारिका सुईण नसते. दोन्ही विद्या एका हाती नांदतात त्या इंग्लंडात. मग चाळिशी उलटल्यावर ती लंडनला सुईणपण शिकली.

१९२५ साली तिने केंटकीच्या डोंगराळ मुलखात काम उभारले. गाडीरस्ता नव्हता, ओढ्याचे पात्र हीच वाट. खोगिराला औषधांच्या पिशव्या अडकवून या बाया रात्री-अपरात्री निघत. त्यांतील बऱ्याच जणी इंग्लंड-स्कॉटलंडहून आलेल्या, म्हणजे आता परकेपणाची पाळी त्यांची होती. बाळंतपणाचे पाच डॉलर घेत. ते नसतील तर वैरण किंवा अंगमेहनतही चाले. मला या पाच डॉलरांचे मोल फार वाटते. दान घेणारा मान खाली घालतो. मोल देणारा मान वर करून प्रश्न विचारू शकतो.

प्रत्येक बाळंतपणाची नोंद होई. पहिल्या हजार बाळंतपणांचा हिशेब एका विमा कंपनीच्या संख्याशास्त्रज्ञाने तपासला, तेव्हा प्रसूतीच्याच कारणाने दगावलेली एकही माता आढळली नाही. त्या काळी अमेरिकेत हजार जन्मांमागे सहांहून अधिक माता दगावत.

१९३९ साली युरोपात युद्ध पेटले आणि अनेक ब्रिटिश परिचारिका मायदेशी परतल्या. काम तेथेच मोडायचे. पण त्याच वर्षी ब्रेकिनरिजबाईंनी सुइणींची शाळा काढली. १९६५ साली बाई वारल्या. त्या शाळेचे आज विद्यापीठ झाले आहे.

परक्या सेवेची आपण पूजा बांधतो आणि मोकळे होतो. माझ्या मते तिची कसोटी एकच: पाहुणी निघून गेल्यावर त्या गावच्या बाळंतिणीच्या हाकेला ओ कोण देते?