हजची लस घेतल्यावर चालायचा सराव बंद ठेवायचा का?

हजच्या लसीकरणाचे दिवस आले की आमच्याकडे शिरूर कासार भागातून एकच प्रश्न येतो: सुई घेतली, आता किती दिवस आराम करायचा? काही घरांत तर वडीलधाऱ्यांना आठ-आठ दिवस पलंगावरून उठू देत नाहीत. माया समजते, पण नुकसान हाजी साहेबांचंच होतं. सफा-मरवाची सई म्हणजे सात फेऱ्यांत तीन किलोमीटरच्या वर चालणं, तवाफ आणि मिनातली पायपीट वेगळीच. महिनाभर कमावलेला दम आठ दिवसांत उतरतो.

मेनिंजायटिसची लस प्रवासाच्या किमान 10 दिवस आधी घ्यावी लागते, कारण अंगात ताकद तयार व्हायला तेवढा वेळ लागतो. दंड दुखणं, अंग मोडून येणं, बारीक ताप हे एक-दोन दिवसांत जातं.

लस शक्यतो डाव्या दंडावर घ्या. जागा दाबून धरा, चोळू नका, वर हळद-तेल लावू नका. अर्धा तास तिथेच बसा. बीडहून लगेच मोटारसायकलला किक मारून निघणारे आम्ही पाहिलेत. वाटेत चक्कर आली तर काय? चेहरा सुजला, अंगावर गांधी उठल्या, श्वास अडकला तर त्याच क्षणी नर्सला सांगा.

त्या दिवशी घरातली हलकी कामं चालतील. हात हलता ठेवा, म्हणजे आखडत नाही. पाण्याचा हंडा, फवारणीचा पंप, धान्याचं पोतं मात्र दोन दिवस दुसऱ्याला उचलू द्या. ताप नसेल तर दुसऱ्या दिवशी फजरनंतर नेहमीच्या निम्मं चाला, तिसऱ्या दिवसापासून पूर्ण. ताप असेल तर उतरेपर्यंत थांबा. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात तापलेल्या अंगाने चालणं लसीपेक्षा जास्त धोक्याचं आहे. पाणी, ताक भरपूर घ्या. बीपी-शुगरच्या गोळ्या चुकवू नका.

वुजू, गुस्ल करायला हरकत नाही. सजद्यात हातावर भार देताना कळ येत असेल तर भार दुसऱ्या हातावर घ्या.

शव्वालचे किंवा राहिलेले रोजे चालू असतील तर दंडातल्या सुईने रोजा तुटत नाही, असं बहुतेक उलेमा सांगतात. पोलिओचे थेंब मात्र तोंडातून जातात, तेव्हा ते मग्रिबनंतर घ्या किंवा त्या दिवशी रोजा ठेवू नका. पॅरासिटामॉलची गोळीही इफ्तारनंतरच. दोन गोळ्यांत 6 तासांचं अंतर ठेवा. लिव्हरचा आजार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. दुखण्याच्या इतर गोळ्या मेडिकलवरून मनाने आणू नका.

ताप दोन दिवसांवर गेला किंवा दंडाची सूज वाढतच राहिली तर सरकारी दवाखान्यात दाखवा. छातीत दुखलं, दम लागला तर वाट न पाहता 108 ला फोन करा.

लसीचं कार्ड पासपोर्टसोबत ठेवा, आणि त्याचा एक फोटो घरच्यांच्या मोबाईलमध्ये राहू द्या.