काकुरो

काकुरो : बेरीज आणि शब्दकोडे यांच्या संयोगातून निर्माण झालेले अंककोडे. शब्दकोड्याप्रमाणे याच्या चौकटीत काळी व पांढरी घरे असतात. मात्र शब्दसूचक वाक्यांऐवजी येथे बेरजा दिलेल्या असतात. काळ्या घरातील तिरप्या रेषेच्या वर लिहिलेली संख्या ही तिच्या उजवीकडील आडव्या ओळीची, तर रेषेखालील संख्या ही खालच्या उभ्या ओळीची बेरीज होय. पांढऱ्या घरांत १ ते ९ हे अंक भरावयाचे असून एका सलग ओळीत कोणताही अंक दोनदा येत नाही. हा शेवटचा नियम म्हणजे या कोड्याचा प्राण आहे. तो नसेल, तर उरते ती केवळ बेरीज.

इतिहास : आर्थर विन याचे शब्दकोडे २१ डिसेंबर १९१३ रोजी ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ या वृत्तपत्रात प्रसिद्ध झाले आणि आडव्या-उभ्या ओळी एकमेकींना छेदून उत्तराची खातरजमा करतात, ही कल्पना रूढ झाली. अमेरिकेतील डेल या कोडी-नियतकालिकांच्या प्रकाशनसंस्थेने १९६६ मध्ये हीच कल्पना अंकांना लावून ‘क्रॉस सम्स’ (छेदणाऱ्या बेरजा) हे कोडे छापले. त्याचे श्रेय जेकब ई. फंक या कॅनेडियन कोडेकारास देण्यात येते.

शब्दकोडे भाषेशी जखडलेले असल्याने त्याचे भाषांतर होत नाही. ते प्रत्येक भाषेत नव्याने रचावे लागते. अंककोड्याला ही अडचण नाही. जपानमधील ‘निकोली’ या कोडी-नियतकालिकाचे एक संस्थापक माकी काजी (१९५१–२०२१) यांनी हे अमेरिकन कोडे जपानी वाचकांपुढे आणले. जपानीतील ‘कासान’ (बेरीज) आणि इंग्रजीवरून घेतलेला ‘कुरोसु’ (छेद) हे शब्द जोडून त्याला ‘कासान कुरोसु’ म्हणत. काकुरो हे त्याचेच संक्षिप्त रूप होय. लोकप्रियतेत ते जपानमध्ये सुडोकूच्या खालोखाल गणले जाते. सुडोकूची कथाही अशीच आहे. तेही डेलच्या नियतकालिकात १९७९ मध्ये ‘नंबर प्लेस’ या नावाने अवतरले आणि १९८४ मध्ये निकोलीने ते जपानमध्ये आणले. २००४ च्या अखेरीस ब्रिटिश वृत्तपत्रांत सुडोकूची लाट आली. पाठोपाठ सप्टेंबर २००५ मध्ये ‘द गार्डियन’ने काकुरो सुरू केले. अशा रीतीने इंग्रजी भाषेत जन्मलेले कोडे जपानी नाव घेऊन इंग्रजी वाचकांकडे परतले. नव्या नावाने ते जगभर पोहोचले. मूळ नाव व त्याचा कर्ता मात्र मागे पडले.

सोडविण्याची रीत : दोन ते नऊ घरांच्या ओळींसाठी घरांची संख्या व बेरीज यांच्या १२० जोड्या संभवतात. त्यांपैकी ३४ जोड्यांना अंकांचा एकच संच लागू पडतो. उदा., दोन घरांत १६ ही बेरीज ७ व ९ यांनीच, तर १७ ही ८ व ९ यांनीच होते. तीन घरांत २४ साठी ७, ८ व ९ हेच अंक हवेत. अशा निश्चित ओळींपासून प्रारंभ करतात. दोन घरांची १६ बेरजेची आडवी ओळ व १७ बेरजेची उभी ओळ एकमेकींना छेदत असतील, तर सामाईक घरात ९ हाच अंक येतो. दुसरी युक्ती क्षेत्राची आहे. एखाद्या भागातील आडव्या ओळींची बेरीज ३० असून त्याच भागातील एक घर वगळता बाकीची सर्व घरे व्यापणाऱ्या उभ्या ओळींची बेरीज २४ असेल, तर वगळलेल्या घरात ६ हा अंक निश्चित होतो.

एकमेव उत्तराचा प्रश्न : उत्तम काकुरोला एकच उत्तर असते आणि ते अंदाजाने नव्हे, तर अनुमानाने गाठता येते, असा संकेत आहे. तो पाळणे दिसते तितके सोपे नाही. ताकायुकी यातो व ताकाहिरो सेता यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात असे सिद्ध केले की, कोड्याचे एक उत्तर हाती असतानाही दुसरे उत्तर आहे किंवा नाही हे ठरविणे, चौकट वाटेल तेवढी मोठी घेतल्यास, एनपी-पूर्ण या अतिकठीण प्रश्नांच्या वर्गात मोडते. अशा प्रश्नांसाठी सर्व प्रसंगी जलद चालणारी रीत अद्यापि कोणास सापडलेली नाही. वृत्तपत्रांतील चौकटी लहान असल्याने त्यांची तपासणी संगणक सहज करतो. परंतु सोडविणारा ती तपासणी करीत नाही. उत्तर एकच आहे या विश्वासावर तो पहिला अंक लिहितो आणि तो विश्वास सार्थ ठरविण्याची जबाबदारी कोडे रचणाऱ्यावर असते.